बस दारात उभी, बॅजवाला ड्रायव्हर मिळेना

पिवळी_गाडी (धागाकर्ता) · ९ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. शाळा आठवड्यावर आली आणि माझी ३२ सीटची बस लिंबाखाली उभी आहे. पासिंग झालंय, विमा भरलाय, पुढचे टायर नवे टाकलेत. ड्रायव्हर नाही. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथं पिवळ्या गाड्या मोजून चार, लगेच कळेल कोण ते.

पाच वर्षं असलेला माणूस मार्चमध्ये पुण्याला कंपनीच्या बसवर गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, तुमचं वाईट काही नाही, पण मे महिन्यात मी काय खाऊ?" मी मे महिन्याला अर्धा पगार देतो. तरी तो चुकला असं काही म्हणवत नाही.

तेव्हापासून तीन जण येऊन गेले.

पहिला ट्रकवाला. चौदा वर्षं हैदराबाद-सोलापूर-मुंबई. तूर, कांदा, सिमेंट, जे मिळेल ते. हात असा, की आमच्या बोळातून त्यानं बस मागं घेतली आणि आरसा भिंतीला लागू दिला नाही. लायसन्सवर ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक गाडीचा शेरा) आहे, बॅज (प्रवासी गाडी चालवायची वेगळी परवानगी) नाही. मालाच्या गाडीला बॅज लागतच नाही, तर त्यानं काढावा कशाला?

दुसरा २३ वर्षांचा पोरगा, कारखान्याला ऊस ओढतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चिखलातून काढणारा. चारचाकीचं पक्कं लायसन्स गेल्या ऑक्टोबरात काढलंय. चारचाकीच्या लायसन्सला वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. म्हणजे येत्या ऑक्टोबरात लर्निंग, मग तीस दिवस थांबा, मग ट्रायल, मग बॅज. पहिलं सत्र गेलं.

तिसऱ्याला बघून मला देवच भेटल्यासारखं झालं. कोविडच्या आधी शाळेचीच बस चालवायचा, बॅजही होता. शाळा बंद पडल्या तसा त्यानं भाजीचा गाडा लावला. लायसन्सची मुदत ऑगस्ट २०२० ला संपलेली. तेव्हा सरकार मुदतवाढ देत होतं, ती देत देत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत आली आणि थांबली. हा गाड्यावरच होता, वाढतच चाललीय असं समजून राहिला. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं रिन्यू होत नाही, ट्रायल पुन्हा द्यावी लागते. ज्यानं दहा वर्षं लेकरं नेली-आणली, त्यानं आता ट्रायलला गाडी फिरवून इंग्रजी एच काढून दाखवायचा.

तिघांनाही गाडी येते, आणि तिघंही कागदाच्या वेगवेगळ्या पायरीवर अडकलेत. तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? कोणी यातून वाट काढली असेल तर सांगा.

बालाघाट_क्लच · ९ जून, रात्री ११:०२

मी डायवरच हाय. टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. बॅज काढायला मला किती खेटे पडले ते मोजून सांगतो. लर्निंगला एक, डाक्टरच्या सर्टिफिकेटला एक, ट्रायलला दोन, बॅजच्या अर्जाला एक, पोलिस ठाण्याला तीन, बॅज आणायला एक. झाले नऊ. रोजचे ७०० बुडाले, म्हंजे ६,३०० तर तिथंच गेले. वर जायाचं यायाचं भाडं, साहेब जेवायला गेलेत मनून दोन वेळा रिकामा चहा.

ट्रायलला दोन का, तर पहिल्याला नापास झालो. हेवीची ट्रायल द्यायची तर हेवी गाडी आपणच न्यायची असती. मालक का आपली गाडी देतो व्हय दिवसभर? मग डायविंग स्कूलची गाडी. तिचं स्टेरिंग असं मोकळं, की अर्धा फेरा फिरवला तरी चाक हलंना. डावा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला, त्यात नुसतं आभाळ दिसायचं. फक्कीच्या रेघा मारलेल्या, कडंला बांबू. रिव्हर्सला बांबूवर गेली. साहेब म्हणले, उतर. मी घाट उतरवतो हो रात्रीचा, पण ती गाडी आपल्या हातची नव्हती.

तुमच्या ट्रकवाल्याला सांगा, आधारवरचा पत्ता आन् राहायचा पत्ता एकच हाय का ते बगून घे. माझी पोलिस पडताळणी तिथंच अडकली व्हती. आधार गावाकडचं, खोली शहरात. गावातले म्हणायले हा इथं ऱ्हात नाही, शहरातले म्हणायले हा आमच्या हद्दीतला नाही.

हुरडा_पार्टी · ९ जून, रात्री ११:२०

आरशात आभाळ दिसत होतं म्हणजे तुमची झेप मोठी होती दादा. 😀

दुधाची_साय · १० जून, सकाळी ८:३५

सगळ्यांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं लिहिते. माझी दुसरीतली मुलगी व्हॅननं जाते. मला विचाराल तर पोलिस पडताळणीला लागू देत महिने. चौदा वर्षं सिमेंट नेलं म्हणजे लेकरं नेता येतात असं होत नाही. सिमेंटची गोणी खिडकीतून डोकं बाहेर काढत नाही आणि उतरल्यावर गाडीच्या पुढून पळतही नाही.

गेल्या वर्षी आमच्या व्हॅनवाल्यानं चार दिवस पुतण्याला पाठवलं होतं. "घरचाच हाय, ताई." त्या घरच्याच पोराला मी लायसन्स दाखव म्हटलं, तर मोबाईल चाळत बसला. पाचव्या दिवसापासून मीच स्कूटीवर सोडायला लागले. ऑफिसला रोज वीस मिनिटं उशीर.

ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून नियम ढिले करा, असं इथं सुरू होऊ नये एवढंच.

पिवळी_गाडी · १० जून, सकाळी ९:१०

ताई, नियम ढिला करा असं मी म्हणतच नाहीये. पडताळणी कराच, फक्त फाइल कुठल्या टेबलावर आहे ते तरी कळू द्या. ट्रकवाल्याचा अर्ज ऑनलाइन भरून चौदा दिवस झाले. ठाण्यात विचारलं तर आमच्याकडं आलाच नाही म्हणतात, पोर्टलवर दिसतं की पाठवलाय.

आणि असा पुतण्या नेमका का येतो, हाही विचार करा. कागदवाला माणूस मिळत नाही, म्हणून बिनकागदाचा बसतो.

ब्रेक_टेस्ट · १० जून, दुपारी १:४८

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोन्ही बाजू बघितल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला जड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा, ही अट काही कुणा साहेबाच्या डोक्यातून निघालेली नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली. २८ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टानं एम. सी. मेहता प्रकरणात शाळेच्या बसगाड्यांसाठी आदेश दिले. पाच वर्षांचा अनुभव आणि बसला वेग नियंत्रक या गोष्टी त्यात आल्या. सिग्नल तोडणं, लेन सोडणं अशासाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलान झालेला नको, आणि दारू पिऊन किंवा भरधाव चालवल्याबद्दल एकदाही पकडला गेलेला नको, हेही त्यातच. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्वतंत्र स्कूल बस नियमावली केली.

आता अडचण बघा. पाच वर्षं जड वाहन चालवलेला माणूस दोनच ठिकाणी सापडतो, ट्रकवर नाहीतर एसटीत. ट्रकवाल्याकडं बॅज नाही. एसटीवाल्याकडं सगळं आहे, पण तो पगार आणि पीएफ सोडून तुमच्याकडं कशाला येईल? राहिले निवृत्त एसटी ड्रायव्हर. ५८ ला सुटतात आणि डोळे चांगले असतील तर सोन्यासारखे. पण त्यांच्या गुडघ्यांचं काय ते त्यांनाच विचारा.

नियम सगळेच वाढत गेले असंही नाही, बरं का. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली. तिच्यापायी मी स्वतःच्या हातानं कितीतरी चांगले हात परत पाठवलेत, आजही ते मनाला लागतं. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं तीनची पाच वर्षं झाली. पण त्याच दुरुस्तीत मुदत संपल्यावरचे सवलतीचे तीस दिवस गेले. आधी महिनाभर चालून जायचं, आता मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स. तुमच्या भाजीवाल्यासारखे लोक या गडबडीत सापडले.

फीचं म्हणाल तर ती फार नाही. लर्निंगला १५०, त्याच्या परीक्षेला ५०, ट्रायलला ३००, नवा वर्ग चढवायला ५००. माणूस थकतो तो खेट्यांनी. तालुक्याला आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा. त्या दिवशी सर्व्हर बंद, पाऊस, नाहीतर निवडणुकीची ड्यूटी, की पुढचा महिना. माझ्या कॅम्पला माणसं पहाटे पाचच्या एसटीनं यायची आणि मी कधीकधी त्यांना चारला परत पाठवायचो. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही.

बालाघाट_क्लच · १० जून, दुपारी २:१५

साहेब, आमाला कुणी असं पहिल्यांदाच म्हणलं बगा.

काळा_कोट · १० जून, सायंकाळी ६:३०

संभाजीनगरात वकिली करतो, अपघात दाव्यांची कामं जास्त. छोट्या गाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

२०१७ च्या मुकुंद देवांगन निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं. विमा कंपन्यांनी तो वाद पुढं नेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी प्रकरणात तेच कायम केलं. म्हणजे लहान स्कूल व्हॅनवाल्याच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टचा शेरा नाही, एवढ्यावरून विमा कंपनीला हात वर करता येत नाहीत.

धागाकर्त्याची ३२ सीटर मात्र वजनाचा कागद बघूनच ठरवावी. आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं. ७,५०० च्या आत असेल तर लायसन्सचा प्रश्न निम्मा सुटला.

दुधाची_साय · १० जून, सायंकाळी ७:०५

म्हणजे काल चारचाकी शिकलेला पोरगा आज बारा लेकरं भरून निघाला तरी चालतंय? कोर्टाचं काही कळत नाही बाई.

काळा_कोट · १० जून, सायंकाळी ७:४०

नाही ताई. तो निकाल लायसन्सच्या वर्गाबद्दल आणि विम्याबद्दल आहे. बॅजचा मुद्दा त्यात नव्हताच. राज्याचे स्कूल बसचे नियम जागेवर आहेत, लेकरांसोबत मदतनीस आणि मुली असतील तर बाई, हेही जागेवर. मोठ्या गाडीवर पात्र नसलेला माणूस बसवून अपघात झाला, तर कंपनी आधी भरपाई देते आणि मग मालकाकडून वसूल करते. अशी वसुली लागलेला मालक मी बघितलाय. शेत गेलं.

हुरडा_पार्टी · १० जून, रात्री ९:००

अवांतर: आरसीवरचं वजन बघा म्हटल्यावर धागाकर्ता आत्ता बॅटरी घेऊन लिंबाखाली गेला असणार.

पिवळी_गाडी · १० जून, रात्री ९:२२

गेलो होतो. ७,५०० च्या वर आहे. 😑

डॅलसची_मावशी · ११ जून, पहाटे ४:५०

मूळची परभणीची, आता मुलाकडं टेक्ससला असते. इथंही हेच रडगाणं आहे हो. नातवाच्या शाळेकडून निरोप येतो, आज बस अर्धा तास उशिरा, ड्रायव्हर कमी आहेत. मला वाटायचं अमेरिकेत काय कमी असणार.

इथं आधी सीडीएल नावाचं व्यावसायिक लायसन्स. त्यावर प्रवाशांचा एक शेरा आणि शाळेच्या बसचा वेगळा शेरा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणी झालेल्या संस्थेत शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. परीक्षेत गाडीची तपासणी करून दाखवायची, बॉनेट उघडून हा पाण्याचा पंप, हा अल्टरनेटर, असं बोट ठेवत. शेजारची बाई, दोन मुलांची आई, चांगली चालवते, ती तिथंच घाबरली. म्हणाली, बस बंद पडली तर मी फोन करणार, पंप थोडाच बदलणार?

त्याच सुमाराला, जानेवारी २०२२ पासून, इथल्या केंद्र सरकारनं राज्यांना मुभा दिली, की फक्त शाळेची बस चालवणार असेल तर बॉनेटखालचं विचारलं नाही तरी चालेल. पण त्या लायसन्सवर दुसरी गाडी नाही आणि राज्याबाहेर जायचं नाही. ब्रेक, दिवे, दारं, आणीबाणीचा दरवाजा, हे सगळं मात्र दाखवावंच लागतं. लेकरांच्या जिवाशी ज्याचा संबंध, ते ठेवलं आणि मेकॅनिकचं काम वगळलं. मला पटलं.

ब्रेक_टेस्ट · ११ जून, सकाळी ७:३०

मावशी, चांगली माहिती. आपल्याकडं उलट आहे. बॉनेट कुणी उघडायला लावत नाही आणि आणीबाणीचं दार उघडून दाखव असंही ट्रायलला कुणी म्हणत नाही. मी फिटनेसला आलेल्या बसची ती दारं उघडायला लावायचो. दहांतली चार गंजून बसलेली असायची.

खडू_फळा · ११ जून, सकाळी ११:१५

खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक आहे. आमच्या मुली मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींसाठीच्या निळ्या एसटीनं येतात. ती बस आली नाही की आठवी ते दहावीच्या निम्म्या मुली गैरहजर. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दप्तरात असतो, बस नसते. म्हणजे ड्रायव्हरची ओढाताण पिवळ्या गाडीपुरती नाही.

एसटीनं सप्टेंबर २०२५ मध्ये १७,४५० कंत्राटी चालक आणि सहायक घेणार असं जाहीर केलं, पगार तीस हजारांच्या आसपास. धागाकर्ते, तुम्ही किती देता? राग मानू नका.

पिवळी_गाडी · ११ जून, सकाळी ११:५०

राग कसला सर. १४,०००. सकाळी सहाला निघायचं, साडेनऊला मोकळा, पुन्हा बारा ते दोन, पुन्हा साडेचार ते साडेसहा. मधल्या वेळेत दुसरं काम धरता येत नाही. आई-वडिलांकडून महिन्याला ९०० घेतो, त्यात शंभर वाढवले की तीन लेकरं रिक्षात जातात.

म्हणजे तोच बॅज एसटीत दुपटीनं विकला जातो. मी त्याला माझ्या पैशानं बॅज काढून दिला, तर वर्षभरात तो भरतीला उभा राहणार. त्याच्या जागी मी असतो तरी राहिलो असतो.

बालाघाट_क्लच · ११ जून, दुपारी १२:३०

खरं बोललात. पण एक सांगतो, सगळे जात नाहीत. एसटीत डेपो कुठलाबी मिळतो. घरी म्हातारी आसंल, चार एकर आसंल, त्यो तुमच्याकडंच ऱ्हातो. आमच्यातला गावात राहायचंय म्हणणारा डायवर धुंडा. आन् मेचा पगार पुरा द्या.

खडू_फळा · ११ जून, दुपारी १:०५

२०११ च्या नियमात प्रत्येक शाळेला शालेय परिवहन समिती सांगितली आहे. अध्यक्ष मुख्याध्यापक. सदस्यांत पालक प्रतिनिधी, पोलिस, परिवहन खात्याचा निरीक्षक, बसवाल्यांचा प्रतिनिधी. आमच्याकडं ती समिती म्हणजे फाइलमधला एक पिवळा पडलेला कागद आहे. पण बघा, ज्या दोन टेबलांवर तुमच्या ट्रकवाल्याचे कागद अडलेत, ती दोन्ही टेबलं या समितीत बसतात. तुमच्या मुख्याध्यापकांना बैठक बोलवायला लावा. इतिवृत्तात ड्रायव्हरचा अर्ज क्रमांक लिहा. त्याची प्रत ठाण्यात द्या आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक असलेला कागद सहसा हरवत नाही.

ब्रेक_टेस्ट · ११ जून, दुपारी १:२०

खडू_फळा यांना पूर्ण अनुमोदन. नोकरीत असताना मला या समितीचं एकच बोलावणं आलं होतं, तेही बैठक झाल्यावर सहीसाठी.

पिवळी_गाडी · ४ जुलै, रात्री ९:४०

उशिरा लिहितोय, माफ करा. पहिले पंधरा दिवस शेजारच्या तालुक्यातल्या एका निवृत्त एसटीवाल्या काकांना विनंती करून आणलं. रोज मोटारसायकलवर त्यांना मीच आणायचो, मीच सोडायचो.

समितीची बैठक १७ जूनला झाली. आमच्या हेडसरांनी आधी "असली समिती आहे का?" असं विचारलं, मग कपाटातून फाइल निघाली, वर उंदराच्या लेंड्या. पालकांमधून दोघी आल्या, ठाण्यातून एक हवालदार आले. परिवहनचे साहेब आले नाहीत, फोनवर बोलले. हवालदारांनी अर्ज क्रमांक मोबाईलवर टाकला आणि म्हणाले, "हे तर शेजारच्या ठाण्याला गेलंय." ट्रकवाल्याचं गाव दोन ठाण्यांच्या शिवेवर आहे. तीन आठवडे कागद चुकीच्या गावात बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. इतिवृत्ताची प्रत घेऊन आम्ही दोघं तिकडं गेलो. नवव्या दिवशी पडताळणी झाली. परवा बॅज आला.

आज त्याचा पहिला दिवस. मी मागच्या सीटवर बसून गेलो. शाळेत पोचायला बारा मिनिटं उशीर. उतरल्यावर विचारलं, तर म्हणाला, "बसमधल्या मदतनीस मावशी लेकरं मोजल्याबिगर दार लावू देत नाहीत. आन् एक लेकरू बूट घरी इसरून आलतं, त्याला थांबलो." मधल्या एका वळणावर त्यानं सवयीनं ट्रकसारखा लांब हॉर्न दिला, तर सगळी बस एका सुरात ओरडली. उद्यापासून तो हॉर्न नको म्हणून सांगितलंय, पोरं मात्र मागणार.

भाजीवाल्याची ट्रायल या महिन्याच्या कॅम्पला आहे. त्याला गाडी डायविंग स्कूलची नाही, आपलीच बस देतो, रविवारी मैदानावर फक्की टाकून सराव चालू आहे. मे महिन्याचा पगार यापुढं पूर्ण.

दुधाची_साय · ४ जुलै, रात्री १०:०५

मावशींना माझा नमस्कार सांगा.

हुरडा_पार्टी · ४ जुलै, रात्री १०:११

आणि ट्रॅक्टरवाला?

पिवळी_गाडी · ४ जुलै, रात्री १०:१५

ऑक्टोबर. सध्या सकाळी बस धुवायला येतो. आणीबाणीच्या दाराला त्यानंच ग्रीस लावलं, गंजून बसलं होतं.